श्वेस्त्का : झाड चेक परसातलं, नाव दमास्कसचं

बृनोवाली

चेक प्रजासत्ताकाचं राष्ट्रीय झाड लीपा, म्हणजे लिंडन. कागदोपत्री ते ठीकच आहे. पण परसात, बांधावर, दोन खेड्यांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला उभं असतं ते श्वेस्त्काचं, म्हणजे एका जातीच्या प्लमचं झाड. गर्द निळं, लांबुळकं फळ. वर पांढुरक्या भुकटीचा थर, बोट फिरवलं की तेवढ्या जागी खरा रंग दिसतो. पूर्ण पिकलेलं फळ मधोमध उकललं की बी गराला न चिकटता अलगद सुटते. सगळ्या प्लमना चेक लोक श्वेस्त्का म्हणत नाहीत. गोल, रसाळ, बी गराला धरून ठेवणारी ती 'ब्लूमा' (हे सरळ जर्मन 'फ्लाउमे'वरून), पिवळट हिरवी ती 'रिंग्ले' (फ्रान्सच्या क्लोद राणीच्या नावाचं फळ, 'रेन क्लोद', चेक तोंडात राणीचं हे झालं). श्वेस्त्का वेगळी. पोविदला (घट्ट जॅम) तिचा, क्नेदलिकमध्ये (कणकेच्या उकडलेल्या गोळ्यात) घालायची ती, वाळवून ख्रिसमसला खायची तीही तीच.

असं हे घरचं झाड. नाव मात्र सीरियातून आलेलं.

जर्मन आणि चेक व्युत्पत्तिकोशांत वाट साधारण अशी दाखवतात. दमास्कसकडच्या प्लमला ग्रीक 'दमास्केनॉन' म्हणत, रोमन 'दमास्केना'. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की हे नाव सीरियातल्या दमास्कसवरून पडलं आणि झाडं इटलीत केव्हाचीच रुजली आहेत. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये 'म'चा 'व' झाला, 'दवास्केना'. जोर मधल्या अक्षरावर, त्यामुळे पहिला 'अ' गिळला गेला. 'द' आणि 'व' एकमेकांवर येऊन आदळले आणि जर्मन तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचं 'त्स्वेच्गे' झालं होतं. ऑस्ट्रियाकडे 'त्स्वेच्के' म्हणतात. चेकांनी सुरुवातीचा 'त्स्व' मऊ करून 'श्व' केला, शेवटच्या 'के'चा 'का' केला, आणि शब्द स्त्रीलिंगी करून घरात घेतला. इंग्रजी 'डॅमसन'ही दमास्कसचाच. तो फक्त दुसऱ्या वाटेने गेला.

बागेतली बाकीची झाडंही अशीच गावोगावची. पीच म्हणजे 'ब्रोस्केव्ह' (लिहिताना शेवटी व्ह, बोलताना फ), मूळ लॅटिन 'पेर्सिका', पर्शियाचं फळ. जर्दाळू म्हणजे 'मेरुञ्का', तो 'आर्मेनियाका'वरून. अक्रोड म्हणजे 'व्ह्लाश्स्की ओर्झेख', इटालियन लोकांचा ओर्झेख, म्हणजे कठीण कवचाचं फळ. बटाट्याला 'ब्रांबोर' म्हणतात, कारण तो ब्रांडेनबुर्गकडून आला! एवढ्या पाहुण्यांत 'याब्लोञ', म्हणजे सफरचंदाचं झाड, हे मूळ रहिवासी. लिथुआनियन 'ओबेलिस' आणि इंग्रजी 'ॲपल' यांचं थेट भावंड.

मला यातलं आवडतं ते हे की शब्दाची वाट आणि झाडाची वाट एकच असेल असं आपण धरून चालतो, आणि श्वेस्त्काच्या बाबतीत तसं मुळीच दिसत नाही. त्याबद्दल पुढे लिहीनच. तोवर तुमच्या शंका येऊ द्या.

शब्दखोर

वा, मजा आली. आपण काही वेगळं केलेलं नाही बरं. आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचा आलू. फारसीत 'आलू' म्हणजे प्लम (हिंदीतल्या बटाट्याच्या आलूचं कूळ निराळं, तो संस्कृत आलुकाकडून येतो). चेकांचं प्लम दमास्कसचं तर आपलं बुखाऱ्याचं. दोन्ही रेशीम मार्गावरची पेठेची गावं, फळ विकणारा जिथून आला ते गाव फळाला चिकटलं.

जर्दाळू म्हणजे 'जर्द आलू', पिवळा आलू. आणि पीचला जुन्या मराठीत 'सप्ताळू' हा शब्द होता, तो फारसी 'शफ्तालू'. आता बाजारात कुणी म्हणत नाही, पीचच म्हणतात.

पीचवरून आठवलं. ह्युएन त्सांगने सातव्या शतकात पंजाबातल्या चीनभुक्ती नावाच्या प्रांताबद्दल लिहिलंय. तिथे चीनकडच्या ओलिसांना ठेवलं होतं, त्यांनी पीच आणि नाशपाती आणली, म्हणून लोक पीचला 'चीनानी' आणि नाशपातीला 'चीनराजपुत्र' म्हणत. म्हणजे रोमला जे फळ पर्शियाचं वाटलं तेच आपल्याकडे चीनचं ठरलं. आपलं म्हणणं जास्त खरं, कारण पीच मुळात चीनचाच. झेजियांगमध्ये साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात.

आद्यवेदी

लेख छान. पण इतकं लांब दमास्कसपर्यंत जायचं कारणच काय? 'श्वेस्त्का' आणि 'श्वेत' यांतलं साम्य लहान मुलालाही ऐकू येईल. फळावर पांढरा थर असतो असं तुम्हीच लिहिलंय. चेक ही संस्कृतची दूरची बहीण आहे हे तर सगळेच मान्य करतात. मग सरळ अर्थ सोडून त्स्वे नि द्वे कशाला?

खारी_बिस्किट

आला. श्वेत आला. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोशकीटक

आद्यवेदी, बहीण आहे म्हणूनच नियम लागतात. संस्कृतात जिथे 'श' तिथे स्लाव्हिक भाषांत 'स' येतो. शत आणि 'स्तो', दश आणि 'देसेत'. त्यामुळे 'श्वेत'चं चेक भावंड शोधायचं तर 'श्व'ने सुरू होणारा शब्द नको, 'स्व'ने सुरू होणारा हवा. आणि तो आहे! चेक 'स्व्येत', म्हणजे जग. मूळ अर्थ उजेड. 'स्व्येत्लो' म्हणजे आजही प्रकाश. उजेडात दिसतं ते जग, असा तो अर्थ सरकत गेला.

म्हणजे तुम्हाला हवं असलेलं नातं खरंच आहे, फक्त प्लमशी नाही. साम्य कानाला ऐकू आलं म्हणजे नातं, असं धरलं तर मग 'ब्रांबोर' हा 'बोर'चा मामा ठरेल.

शिवाय चेकमध्ये 'श्व'ने सुरू होणारे पुष्कळ शब्द जर्मनमधून आलेले आहेत. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण पहिला संशय तिकडे घ्यायचा असतो.

आद्यवेदी

नियम कोणी बनवले हेही कधीतरी तपासा. असो. चालू द्या.

नुसतीच_वाचक

बृनोवाली, एक बारीकशी शंका. तुमच्या चेक शहराचं नाव 'ब्रनो' असं वाचलंय. तुमच्या आयडीत 'बृनो' का? टायपो?

बृनोवाली

टायपो नाही, मुद्दाम. चेकमध्ये 'र'ला स्वर म्हणून वापरतात. 'बृनो'मध्ये ब आणि न यांच्या मधे कुठलाही अ-इ-उ नाही, नुसता र लांबवायचा. आपण मराठीत ऋषीला 'रुषी' म्हणतो, हिंदीवाले 'रिषी' म्हणतात, आणि दोघांनीही मूळ उच्चार सोडून दिलाय. तो ऐकायचा असेल तर इकडे या. एकही स्वर नसलेलं अख्खं वाक्य इथले लोक परदेशी माणसाला हटकून म्हणायला लावतात, 'स्तृच पृस्त स्कृझ कृक', घशातून बोट घाल. माझ्या ऑफिसातल्या मंडळींनी मलाही लावलं. बाराखडीतला ऋ एकदा नीट म्हणायला शिकलं की ते जमतं. बाकीचे परदेशी लोक 'स्तर्च पर्स्त' करत बसतात.

देवनागरी चेकला चांगली बसते, हे आणखी एक. 'याब्लोञ'च्या शेवटचा ञ हा शाळेत 'च छ ज झ ञ' म्हणताना येणारा ञ. आपण तो बाराखडीत म्हणतो आणि आयुष्यभर सुटा कधी वापरत नाही. इथे झाडांच्या नावांना तो शेपटीसारखा लागतो. पीचचं फळ 'ब्रोस्केव्ह', झाड 'ब्रोस्क्वोञ'. बदाम 'मांदले', झाड 'मांद्लोञ'. श्वेस्त्काला मात्र ही शेपटी लागत नाही, फळ आणि झाड दोन्ही श्वेस्त्का. (बृनोच्या दक्षिणेला हुस्तोपेचे नावाचं गाव आहे, तिथे टेकडीवर बदामाच्या बागा आहेत. मार्चच्या शेवटी बघायला जातात लोक.)

कोशकीटक

एक छोटी पुरवणी. चेकमधला हा ऋ संस्कृत ऋसारखाच ऐकू येतो, पण तो जसाच्या तसा वारशाने आलेला नाही. मधे स्लाव्हिकमध्ये त्याच्या आधी एक छोटासा स्वर होता, तो नंतर गळला आणि ऋ पुन्हा उघडा पडला.

खारी_बिस्किट

माझा प्रश्न पोटाचा आहे, म्हणजे खरं तर घशाचा. स्लिव्होविट्झ ही दारू प्लमची ना? आणि झाड श्वेस्त्का. मग दारू 'श्वेस्त्कोविट्झ' का नाही?

बृनोवाली

हा प्रश्न कोणीतरी विचारेल याची वाटच बघत होते.

आधी उच्चार. चेक 'स्लिव्होविचे', पण शेवटचा च 'चाक'मधला, 'चहा'मधला नव्हे. मराठी माणसाला हे सांगणं किती सोपं! इंग्रजी बोलणाऱ्याला टी आणि एस जोडून समजवावं लागतं.

श्वेस्त्का हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून इथे प्लमसाठी 'स्लीव्हा' होता. तो सगळ्या स्लाव्हिक भाषांत आहे. हंगेरियनचा 'सिल्वा'सुद्धा स्लाव्हांकडूनच उचललेला. लॅटिनमध्ये निळसर रंगाला 'लिविदुस' म्हणतात, इंग्रजीत रानटी प्लमला 'स्लो', जर्मनमध्ये 'श्लेए'. हे सगळे एकाच गोतावळ्यातले, मुळात तो रंगाचा शब्द असावा. म्हणजे फळाला रंगावरून नाव होतं, तेच पुरेसं होतं. मग जर्मन बोलणाऱ्या शहरांतून, मठांच्या बागांतून लांबुळकी, बी सुटणारी चांगली जात 'त्स्वेच्के' या नावाने आली, आणि तिच्यापुरता नवा शब्द घेतला गेला. जुना शब्द बाटलीत राहिला. स्लोव्हाकियात अजून फळालाही 'स्लिव्का'च म्हणतात.

आणि आता तिसरा शब्द, जो मला सर्वांत जास्त आवडतो.

इथल्या झेल्नी तृह या बाजारात (शब्दशः 'कोबीबाजार', शहराच्या ऐन मध्यात भरतो) पाटीवर 'श्वेस्त्की' लिहिलेलं असतं. पण पूर्व मोराव्हिया या चेक प्रांताकडून माल घेऊन आलेल्या आजीबाई शेजारणीशी बोलताना म्हणतात 'तृन्की'. तिकडच्या बोलीत प्लम म्हणजे 'तृन्का'. विझोवित्से गावात दरवर्षी प्लमचा उत्सव भरतो त्याचं नाव 'तृन्कोब्रानी', तृन्कांची तोडणी. तिथे प्लमचे क्नेदलिक खाण्याची शर्यत असते.

पुस्तकी चेकमध्ये 'तृन्का' म्हणजे ब्लॅकथॉर्न, बांधावरचं काटेरी झुडूप, ज्याची निळी आंबट तुरट फळं दव गोठून गेल्यावरच खाण्यालायक होतात. 'तृन' म्हणजे काटा. इंग्रजी 'थॉर्न' तोच. आणि संस्कृत 'तृण' तोच!

आद्यवेदी, तुमच्यासाठी खास. दमास्कसवाल्या शब्दात संस्कृत सापडणार नाही, पण गावाकडची आजी ज्याला तृन्का म्हणते ते आपल्या तृणाचं आणि पर्यायाने शेतातल्या 'तणा'चं भावंड आहे.

शब्दखोर

तण!! म्हणजे आपण उपटून फेकतो ते आणि ते लोक क्नेदलिकमध्ये घालतात ते एकाच घरचं. वाचनखूण साठवली.

आद्यवेदी

तृण मान्य. आनंद झाला.

माळरान

मी शेतकी महाविद्यालयात फळबाग शिकवतो, शब्दांतलं फार कळत नाही. पण तो 'तृन्का' मुद्दा वनस्पतिशास्त्राच्या बाजूने बघा. युरोपियन प्लम, प्रुनस डोमेस्टिका, हा जंगलात असा कुठे मिळत नाही. त्याच्यात गुणसूत्रांचे सहा संच असतात, एकूण ४८. प्रचलित मत असं की चेरी प्लम (दोन संच) आणि ब्लॅकथॉर्न (चार संच) यांच्या संकरातून तो उभा राहिला. म्हणजे मोराव्हियातली आजी प्लमला काट्याच्या झुडपाचं नाव देते, ती त्याला त्याच्या एका आईबापाच्याच नावाने हाक मारते. तिला गुणसूत्रं कुणी सांगितलेली नसणार, पण झाड वाढवणाऱ्याला साम्य दिसतंच. बियांतून उगवलेली रोपं काटे काढतात.

धागाकर्तीने झाडाची वाट वेगळी म्हटलं ते हेच असावं. ब्लॅकथॉर्न मध्य युरोपात बांधाबांधावर पूर्वीपासून आहे. कलम पूर्वेकडून आलं असेल, पण अर्धं रक्त तिथल्या कुंपणात होतंच.

शार्का रोगाबद्दलही सांगतो, कारण तोही शब्दच आहे. प्लमच्या पानांवर फिकट कडी उमटतात, फळांवर खड्डे पडतात, गर लालसर होऊन चव जाते, आणि फळ वेळेआधी गळतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बल्गेरियात लोकांच्या लक्षात आलं, १९३२ मध्ये अतानासोव्ह यांनी तो विषाणुजन्य असल्याचं मांडलं. बल्गेरियन 'शार्का' म्हणजे देवी. फळाला देवी आल्या! नाव तसंच जगभर गेलं. मावा कीड तो पसरवते आणि लागण झालेल्या झाडाला औषध नाही, उपटून जाळायचं. जुन्या घरगुती श्वेस्त्काच्या बागा मध्य युरोपात यानेच बसवल्या. आपल्याकडे पपईवर जो रिंगस्पॉट येतो तो याच कुळातला विषाणू, पसरवतो तोही मावाच. जळगाव-धुळ्याच्या पपईवाल्यांना वेगळं सांगायला नको.

बृनोवाली

माळरान सर, खूप आभार. 'अर्धं रक्त कुंपणात' हे मला असं मांडता आलं नसतं. इथेही जुनी माणसं सांगतात की रस्त्याकडेच्या श्वेस्त्का आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, आणि कारण विचारलं की 'शार्का' एवढा एकच शब्द बोलतात.

फोंडेकर

गोव्याहून लिहितोय. पोर्तुगीजमध्ये 'दमास्को' म्हणजे प्लम नव्हे, जर्दाळू! त्याच गावाचं नाव, फळ दुसरंच. म्हणजे दमास्कसने एकाला प्लम दिलं, एकाला जर्दाळू, शिवाय दमास्क कापड, दमास्क गुलाब आणि दमास्कसची तलवार. (तलवारीचं पोलाद आपल्या दख्खनचं होतं, नाव त्यांचं झालं. व्यापाऱ्याच्या गावाला मिळतं ते कारागिराच्या गावाला मिळत नाही.)

पण देशाच्या नावावरून फळाचं नाव लावताना जपून राहावं असंही वाटतं. मराठीत ज्याला पेरू म्हणतात त्याला आम्ही कोंकणीत 'पेर' म्हणतो. शाळेत आम्हाला सांगायचे की पेरू देशातून आला म्हणून पेरू. ऐकायला झकास. पण पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नाशपाती, आणि गोव्यात पेराची जी घट्ट वडी करतात ती 'पेराड', जी पोर्तुगीज 'पेरादा', नाशपातीची वडी. घरात पदार्थ आणि फळ दोन्हींची नावं एकाच पोर्तुगीज स्वयंपाकघरातून आलेली दिसत असताना दक्षिण अमेरिकेपर्यंत जायची गरज मला तरी दिसत नाही. पोर्तुगीजांनी आकार बघितला, 'ही नाशपातीच' म्हणाले, झालं.

शब्दखोर

फोंडेकर, पेराडचा पुरावा जोरदार आहे. मग मोसंबीचं काय करायचं? तिला मोझांबिकला जोडतात.

फोंडेकर

मोसंबीला राहू दे मोझांबिकला. तिथे आमची जहाजं थांबायचीच.

खारी_बिस्किट

'आमची जहाजं' :)

कोशकीटक

फोंडेकरांचा मुद्दा श्वेस्त्कालाही लावून बघायला हवा. दमास्कसची गोष्ट नुसती गोड आहे म्हणून मान्य करायची का? फरक असा की इथे मधले टप्पे लेखी सापडतात. प्लिनीने दमास्कसचं नाव घेऊन सांगितलंय. ग्रीकमध्ये आजही प्लमला 'दमास्किनो' म्हणतात. इंग्रजी डॅमसनची जुनी रूपं 'दमासीन'सारखी लांबलचक आहेत. कच्चा दुवा एकच, 'दवास्केना' ते 'त्स्वेच्गे' ही उडी. आल्प्सच्या पश्चिमेकडच्या रोमान्स बोलींत 'व' असलेली रूपं आहेत, म्हणून ती मानली जाते. पेरू देशाच्या गोष्टीला असा एकही मधला थांबा नाही.

नुसतीच_वाचक

भाषाशुद्धीवाल्यांनी श्वेस्त्का हाकलला नाही का? चेक लोकांनीही जर्मन शब्द काढून टाकण्याची मोहीम केली होती असं वाचलंय. आपल्याकडे सावरकरांनी महापौर, दिनांक वगैरे दिले तसं.

बृनोवाली

केली होती, एकोणिसाव्या शतकात, आणि दणदणीत केली. युंगमान यांचा पाच खंडांचा चेक-जर्मन कोश १८३४ ते १८३९ मध्ये आला. यान स्वातोप्लुक प्रेस्ल यांनी वनस्पती आणि रसायनांची चेक नावं घडवली. हायड्रोजनला चेकमध्ये 'व्होदीक' म्हणतात, 'व्होदा' म्हणजे पाण्यावरून, आणि व्होदा हे आपल्या उदकाचं भावंड. शास्त्रीय नावांत प्लमच्या कुळाला 'स्लिव्होञ' म्हणतात, म्हणजे पुस्तकात जुना देशी शब्द बसवलाच. पण बाजारात श्वेस्त्काला कोणी हात लावला नाही. तो परका आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्याकडे 'पाव', 'बटाटा', 'चावी' यांना पोर्तुगीज म्हणून कुणी बाहेर काढतं का?

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. जर्मनांनी फळाचं नाव दिलं, पण त्या फळाच्या जॅमचं नाव चेकांकडून नेलं. चेक 'पोविदला', व्हिएन्नात 'पोविडल'. ऑस्ट्रियात 'मला त्याचं पोविडल आहे' म्हणजे मला काही फरक पडत नाही.

पोविदला कसा करतात ते सांगते, कारण बघितल्याशिवाय तो इतका काळा का दिसतो हे कळत नाही. साखर मुळीच घालत नाहीत, हीच त्याची ओळख. अगदी सुरकुतायला लागलेली, देठाशी आकसलेली श्वेस्त्का घ्यायची, बिया काढायच्या, आणि अंगणात विस्तवावर तांब्याच्या मोठ्या कढईत शिजवायची. तळाला लागू नये म्हणून लांब दांड्याच्या आडव्या लाकडी फळीने सतत ढवळायचं. हे काम रात्रभर चालतं, शेजारपाजारचे आळीपाळीने ढवळतात, आणि मधल्या वेळात गप्पा आणि अर्थातच स्लिव्होविचे. आपल्या गुऱ्हाळावर काहिलीभोवती माणसं जमतात, तसंच वातावरण. झाला की नाही हे बघायला लाकडी चमचाभर घेऊन उलटा धरायचा, पडला नाही तर झाला. चव आंबटगोड, किंचित धुरकट. व्याकरणाच्या मंडळींसाठी : चेकमध्ये हा शब्द कायम अनेकवचनी आहे. 'एक पोविदला' असं म्हणताच येत नाही.

खारी_बिस्किट

घरी दारू गाळतात का मग सर्रास?

बृनोवाली

घरी गाळणं बेकायदा आहे. आपली फळं घरी आंबवायची आणि गावातल्या परवानाधारक भट्टीवर न्यायची, तिथे ती गाळून देतात. एका कुटुंबाला वर्षाला ३० लिटर शुद्ध अल्कोहोलपर्यंत निम्म्या कराची सवलत मिळते. शुद्ध ३० लिटर म्हणजे ५० टक्क्यांची ६० लिटर झाली. तरी पुरत नाही म्हणतात. 'निम्म्या करात' मिळालेली बाटली पाहुण्यापुढे ठेवताना यजमानाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो दुकानातल्या बाटलीला कधी मिळत नाही.

शब्दखोर

श्वेस्त्कावर म्हणी-वाक्प्रचार आहेत का? इतकं घरोघरी असलेलं फळ भाषेत उतरल्याशिवाय राहत नाही.

बृनोवाली

आहे ना. 'आपल्या पाच श्वेस्त्का बांधून निघणे', म्हणजे असेल नसेल ते गोळा करून चालतं होणं. भाडेकरू भांडून गेला, नोकरी सोडली, नवऱ्याशी बिनसलं, सगळीकडे पाच श्वेस्त्काच बांधतात. जर्मनमध्येही हाच वाक्प्रचार आहे, फक्त तिथे त्स्वेच्गे सात आहेत! सरहद्द ओलांडताना दोन कुठे पडल्या देव जाणे.

मराठीत 'गाशा गुंडाळणे' म्हणता येईल. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. आपण निघताना घोडा तयार करतो, ते खाऊचं गाठोडं बांधतात.

कोशकीटक

पाच आणि सात, दोन्ही 'थोडंसं सामान' याच अर्थाने. जर्मनमध्ये 'आपल्या सात वस्तू' असाही वाक्प्रचार आहे, तिथे वस्तूंच्या जागी फळं येऊन बसली असावीत. चेकांनी पाच का केले याचं मला पटेल असं स्पष्टीकरण कुठे वाचलेलं नाही. म्हणायला सोपं पडतं एवढं मात्र खरं, 'प्येत श्वेस्तेक'.

नुसतीच_वाचक

पुण्यात आता जून-जुलैमध्ये हिमाचलचे प्लम भरपूर येतात. त्यांचा पोविदला होईल का? तांब्याचं घंगाळ आहे माझ्याकडे आजीचं.

माळरान

घंगाळाला आतून कल्हई आहे का ते आधी बघा. फळ आंबट, तास न् तास शिजायचं, कल्हई उडालेली असेल तर वापरू नका. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं बरं.

दुसरं, बाजारात येतात ते लाल, गोल, रसाळ प्लम म्हणजे बहुतेक सांता रोझा. तो जपानी प्लम, प्रुनस सॅलिसिना, जातच वेगळी. पाणी जास्त, बी गराला चिकटलेली, साल आंबट. साखरेशिवाय आटवायला गेलात तर हाती येईल तो आंबट लगदा.

बृनोवाली

सर म्हणतात ते बरोबर. त्यापेक्षा किराणा दुकानातला सुका आलुबुखार किंवा प्रून आणा, कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, बिया काढा, त्याच पाण्यासकट मंद आचेवर घोटत राहा. तो युरोपियन प्लमच्या जवळचा आहे. वरून दालचिनी, एखादी लवंग. इथल्या बायकाही हिवाळ्यात पोविदला संपला की वाळवलेल्या श्वेस्त्कांचं असंच सारण करून बुख्तांमध्ये (गोड भरल्या पावांत) घालतात. चमचा उलटा धरून बघायला विसरू नका. आणि सगळं एकदम करू नका, वाटीभराचं आधी करून बघा. चव आवडली तर मग पुढचं.

नुसतीच_वाचक

घंगाळाची कल्हई पार उडालेली आहे. पातेल्यात करते. आलुबुखार भिजत घातलाय.